जावयानं ठरवायचं जेवण

११ जानेवारी

ताई,

लग्नाची तारीख ठरली. एप्रिलचा शेवटचा रविवार. परवा फोनवरच सांगणार होतो, पण तुझ्या बाजूला, फोन खालच्या छापखान्यातला म्हणून, तिथल्या प्रेसची यंत्रं आणि माझ्या बाजूला दवाखान्यातले गाल धरून बसलेले पेशंट, दोन्हीकडचे कान टवकारलेले. म्हणून पत्र.

काल तिच्या घरी गेलो होतो. तिचे वडील लग्नाच्या जेवणांची कामं घेतात हे तुला माहीत आहेच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घर म्हणजे रस्त्याकडची एक खोली आणि तिच्यामागे सगळा भट्ट्यांचा आणि पातेल्यांचा कारभार. पाहुणा बसतो खुर्चीवर, पण डोळे पाणावतात मागच्या फोडणीनं.

अण्णा म्हणाले, "जेवण आमच्या दाक्षिणात्य पद्धतीचं, केळीच्या पानावर. चालेल?"

म्हटलं, "चालेल."

"काय काय करायचं ते तुम्ही ठरवा. आमच्या घरात जावई ठरवतो."

मी आपला सभ्यपणे म्हणालो, "काहीही चालेल."

अम्मा, म्हणजे तिची आई, पाण्याचा ट्रे धरून जागच्या जागी थांबल्या. अण्णा म्हणाले, "काहीही नावाचा पदार्थ आम्ही करत नाही."

मग त्यांनी टेबलावर बोटानं पान काढून दाखवलं. डाव्या कोपऱ्यात मीठ आणि लोणचं, वरच्या बाजूला भाज्या, खाली मधे भात. भात तीनदा येतो, आधी सांबाराशी, मग रसमशी, शेवटी दह्याशी. उजव्या कोपऱ्यात पायसम, म्हणजे आपली खीरच, पण तसं म्हटलेलं त्यांना आवडलं नाही. प्रत्येकात पुन्हा दहा प्रकार. तेव्हा आता लग्नापर्यंत दर रविवारी जायचं, चाखायचं आणि निवडायचं. ही दाराशी उभी होती. एकदाच माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

आईला यातलं काय खाता येईल ते कळव. कवळ्या बनवणाऱ्याची आई आणि तिच्याच तोंडात दात नाहीत, असं लग्नात कुणी म्हणायला नको. नवी कवळी पाठवतो, यावेळी ती फेकून देणार नाही असं वचन घे.

तुझा,
टिल्ल्या


२४ जानेवारी

टिल्ल्या,

अजून लग्न व्हायचंय आणि "ही दाराशी उभी होती" लिहितोस. आईला वाचून दाखवलं तर तिनं धडका हात तोंडावर धरला. हसली की खोकली ते कळलं नाही, पण मी हसली असं धरून चालले.

आई ठीक आहे. मऊ भात, त्यावर काहीही पातळ, पण फार पातळ नको. पाण्यासारखं असलं की ठसका लागतो. म्हणजे तुमचं सांबार चालेल, रसम नको. तिखट नको. खीर चालेल, तिला चालणारच. कवळीचं वचन मागितलं तर डोळे मिटून घेतले.

माझं नेहमीचंच. शाळा सुरू व्हायच्या आधीचे गणवेश आत्तापासून शिवायला घेतलेत. खोलीभर निळं कापड. आई पलंगावर आणि मी मशीनवर, मधे कापडाचा ढीग, त्यामुळे एकमेकींचे चेहरेही दिसत नाहीत. बरंच आहे. आईला लकवा झाल्यापासून पंधरा वर्षं बघतोच आहोत.

एक सांगू? लहानपणापासून तुला कुणी काही दिलं की नको म्हणता येत नाही. दुकानदारानं मोठ्या मापाचे बूट दिले तर तू वर्षभर कापूस घालून ते वापरलेस. तेव्हा पदार्थ निवडताना जरा जपून. सगळ्यालाच छान म्हणशील आणि पाहुणे पानावर आडवे होतील.

बाकी तू सुटलास बघ. छान नोकरी, छान माणसं, दर रविवारी फुकट जेवण. मजा कर.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ताई,

फुकट जेवणाचं विचारू नकोस.

पहिल्या रविवारी मी खुर्चीवर बसून चाखलं. दुसऱ्या रविवारी अण्णा म्हणाले, बसून काय कळणार, आत या. तिसऱ्या रविवारी हातात झारा दिला. आता मी कंबरेला फडकं बांधून भट्टीसमोर उभा असतो. फरशी सदा ओली, चप्पल घालायची नाही, वाफेनं चष्मा आंधळा. कूटू येतं मला आता. भाजी आणि डाळ एकत्र शिजवून वर वाटलेलं खोबरं, सोपं आहे. अवियल अवघड. सगळ्या भाज्या सारख्या कापायच्या आणि कुठलीही मोडायची नाही. अण्णांनी माझी गाजरं बघितली आणि म्हणाले, "दात कोरणाऱ्याचा हात आहे." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण एक बघितलं. अण्णांचा उजवा हात थरथरतो. पळीनं तेल घालताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरतात. मदतनीस तेवढ्यापुरते दुसरीकडे बघतात. पहिल्यांदा मीही बघितलं दुसरीकडे. मग पुढे होऊन पळी घेतली. त्यांनी दिली. तेव्हापासून तेलाचं काम माझ्याकडेच आहे.

परवा कुणी गिऱ्हाईक आलं होतं. अण्णांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे पुढचे." जावई म्हणाले नाहीत. पुढचे. मी हात जोडले.

आतापर्यंत ठरलेलं: कच्च्या डाळीची कोशिंबीर, फरसबीची सुकी भाजी, कूटू, अवियल, छोट्या कांद्यांचं नको म्हणून भोपळ्याचं सांबार, मिऱ्याचं रसम, ताकाचं कुळंबू म्हणजे आपल्या कढीसारखं, उडदाचा वडा, पायसम दोन प्रकारचं. आईसाठी वेगळा भात आसट शिजवायचं अण्णांनी स्वतःहून सांगितलं.

ही मात्र माझ्याशी बोलत नाही. शेजारून कढई घेऊन जाते, नजर वर करत नाही. माझं काम तिला धांदरट वाटत असणार. तिचा हात बघितलास तर कळेल, भाजी कापताना नुसता आवाज ऐकू येतो. मी अजून शिकतोय. शनिवारीही अर्धा दिवस येतो म्हणून अण्णांना सांगितलंय. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, पण सोडलं.

तुझा,
टिल्ल्या


६ मार्च

टिल्ल्या,

उत्तराला उशीर झाला. इकडे जरा गडबड होती, आता सगळं ठीक आहे.

तुझी पंगत आईला वाचून दाखवली. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावली. वड्याशी पोचले की हात वर करते, थांब म्हणून.

ती बोलत नाही याचं एवढं काय घेऊन बसलास? बापाच्या हाताखाली वाढलेली मुलगी, नवऱ्याला लगेच डोक्यावर घेणार आहे का? मन लावून शीक. बाबांनी उभ्या जन्मात चहा केला नाही, आईनं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात ठेवलं. आपल्यासाठी पुरुष भट्टीपुढे उभा राहतो हे कुठल्या बाईला आवडणार नाही? शाबास म्हणते मी तुला. तिला हे पत्र दाखव हवं तर.

आता एक वाईट वाटून घेऊ नकोस. आम्हाला दोघींना येणं जमेलसं दिसत नाही. एवढा प्रवास, आईचं उठणं बसणं, आणि आपला जिना तुला माहीत आहे. तिला खाली उतरवून दोन वर्षं झाली. मी एकटी येईन म्हटलं तर तिला कुणाच्या भरवशावर टाकू? तू लग्न कर, फोटो पाठव. पायसम डब्यात घालून पाठवता आलं तर बघ.

तुझी,
ताई


१४ मार्च

ताई,

येणार नाही हे मी ऐकणार नाही. माझ्या बाजूनं पानावर बसणारं तुम्हा दोघींशिवाय आहे कोण? लॅबमधला जोडीदार आणि डॉक्टर. तुम्ही नाही आलात तर मी त्या हॉलमध्ये पूर्णच त्यांचा होऊन जाईन.

तेच लिहायला बसलोय.

गेल्या रविवारी काम संपल्यावर अण्णा म्हणाले, या, एक दाखवतो. भट्ट्यांच्या वर एक मजला चढवलाय. ताजा रंग. पलंग, कपाट, खिडकी. खिडकी उघडली की थेट खालची वाफ आत. म्हणाले, "तुम्हा दोघांची खोली." कोपऱ्यात लाकडी आडोसा केलाय, मागे एक टेबल. "आणि हे तुमच्या दातांसाठी. हौस म्हणून करा रिकाम्या वेळात."

हौस म्हणून. ताई, मी एका म्हाताऱ्या मास्तरांची कवळी केली होती. घालून त्यांनी आरशासमोर आपलं स्वतःचं नाव उच्चारून बघितलं, स्पष्ट आलं, आणि रडायला लागले. ते मी रिकाम्या वेळात करायचं.

मी काय बोललो असेन ते तू ओळखलंसच. म्हणालो, "छान आहे खोली."

खाली आलो तर रंगारी बाहेर पाटी रंगवत होता. अण्णांच्या नावापुढे "आणि जावई." ज अजून ओला होता. अम्मांनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी खाल्ली. सोमवारी डॉक्टरांना सांगितलं की एप्रिलनंतर मी नसेन. का सांगितलं ते मलाच कळत नाही. सगळेजण आधीच धरून चालले होते, मी फक्त तोंडानं म्हणालो.

साच्यात प्लास्टर ओततो ना, ते घट्ट होताना गरम होतं. हाताला ऊब लागते, बरं वाटतं. पण ऊब लागली की समजायचं, आता ते हलणार नाही. माझं तसं झालंय.

मी लग्नाला नाही म्हणत नाहीये. मला ती हवी आहे. पण आता नाही म्हटलं तर त्यांच्या थरथरत्या हातात पुन्हा ती पळी द्यायची. आणि तिला काय वाटेल? तिच्यासाठी हे सगळं बांधलंय. ती तर दोन रविवार पुढ्यात आलीसुद्धा नाही. शनिवारी मुद्दाम गाठून तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, शाबास म्हटलेलं. ऐकून घेतलं आणि हात धुवायला गेली.

काय करू ते सांग.

टिल्ल्या


२० मार्च

ताईंना नमस्कार.

तुमचा पत्ता पाकिटावरून घेतला. ते तुमचं पत्र वाटणाच्या यंत्राजवळ विसरून गेले होते. माझं मराठी बोलण्यातलं आहे, लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या भावाला मी पहिल्यांदा दवाखान्यात बघितलं. अम्माला दाढेसाठी घेऊन गेले होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. एक टेबल, एक खिडकी, एक माणूस बसलेला. आवाज नाही. तो एका दाताकडे किती वेळ बघत होता. मला वाटलं, कुणी इतका वेळ एकाच गोष्टीकडे बघू शकतं. आमच्याकडे कुणी बसत नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून भट्टीपुढे उभी आहे. माझ्या केसांचा वास जात नाही. धाकटी बहीण लग्न करून लांब गेली, मी राहिले, कारण अण्णांचा हात तेव्हाच बिघडायला लागला होता.

मी त्यांना हो म्हटलं ते त्या खोलीसाठी. खोटं वाटू नये म्हणून लिहिते, आधी खोलीसाठी, मग त्यांच्यासाठी. आता त्यांच्यासाठीच.

पण ते दर रविवारी येतात आणि दर रविवारी आणखी चांगलं करतात. गेल्या वेळी त्यांनी ताकाचं कुळंबू केलं. अण्णांनी डोळे मिटून खाल्लं. मी मागे टाकीपाशी जाऊन रडले. आता वरती खोली झाली आहे. मी जिथून निघणार होते तिथेच ते मला परत आणत आहेत, आणि स्वतः पण येत आहेत, इतक्या आनंदानं.

मी अण्णांना बोलू शकत नाही, त्यांचा हात बघून. ह्यांना बोलू शकत नाही, ह्यांचा चेहरा बघून. तुम्ही त्यांना शाबास लिहिलं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं. त्यांना तुमचं खरं वाटतं. तुम्ही त्यांना लिहा की स्वयंपाक पुरुषाला शोभत नाही, किंवा दुसरं काही लिहा. मी पत्र पाठवलं ते सांगू नका.

तुमच्या आईंसाठी भात मी स्वतः मऊ करणार होते. तुम्ही येणार नाही असं ऐकलं. यावं असं वाटतं.

तुमची,
होणारी भावजय


२७ मार्च

टिल्ल्या,

सोबत एक पत्र आहे. ते आधी वाच, मग हे.

वाचलंस? तिनं सांगू नका म्हणून लिहिलंय. मी सांगते आहे. तिला राग आला तर माझ्यावर येऊ दे, मी लांब आहे. दोन दिवस पत्र उशाखाली ठेवून झोपले, तिचा शब्द मोडायचा की नाही म्हणून. मग वाटलं, न मोडून तुम्हा दोघांना त्या वरच्या खोलीत कोंडायचं आणि लग्नाला आहेर म्हणून काय द्यायचं?

तू तिच्यासाठी राबतोयस, ती तुझ्यासाठी गप्प आहे. हे कसं चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आई माझ्यासाठी दुखत नाही म्हणते, मी तिच्यासाठी कंटाळले नाही म्हणते. या दोन खोल्यांत दुसरं काय चाललंय इतकी वर्षं?

आता माझंही ऐक, कारण तुला खरं बोल म्हणायचं आणि आपण झाकून ठेवायचं हे बरं नाही. फेब्रुवारीत आई मोरीत पडली. डोक्याला टाके पडले. ती गडबड म्हणजे ही. खालचे प्रेसवाले धावत वर आले, तिला पाठीवर घेऊन तो जिना उतरले आणि दवाखान्यात दिवसभर थांबले. जिना उतरता येत नाही असं मी तुला लिहिलं, ते त्याच्यानंतर. म्हणजे उतरता येतो. मला भीती वाटते, एवढंच.

परतल्यावर आठवड्यानं त्यांनी मला विचारलं. लग्नाचं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तुला माहीत आहे. मी म्हटलं, आईला सोडून कुठं जाणार? ते म्हणाले, सोडून कशाला, खालीच तर राहतो मी. मला उत्तर आलं नाही म्हणून मी रागावले. तेव्हापासून फोनचा निरोपसुद्धा प्रेसमधल्या कामाच्या मुलाकडून पाठवतात. झालं ते झालं. तुला सांगून टाकलं.

तू तिच्याशी बोल. मग दोघं मिळून अण्णांशी बोला. एकटा गेलास तर पुन्हा "छान आहे खोली" म्हणून परत येशील.

आम्ही येतो आहोत. कसं ते अजून माहीत नाही.

ताई


१२ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट मी लॅबमध्ये उभ्यानं वाचलं. मेण वितळून खाली सांडलं तरी कळलं नाही.

आईचं मला का नाही सांगितलंस, यावर भेटल्यावर भांडेन. आत्ता दुसरं सांगतो.

मी तिला दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये बोलावलं. आली. माझ्या स्टुलावर बसली, खिडकीकडे तोंड करून. मग एकेक वस्तू उचलून विचारायला लागली, हे काय, ते काय. दातांच्या रंगांची पट्टी हातात घेऊन म्हणाली, "इतके पांढरे असतात?"

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

म्हणाली, "तू विचारलं नाहीस. तू मला सांबारात मीठ किती ते विचारलंस."

मग म्हणाली, "आणि तू? तुला हे काम नको होतं, तर केलंस का?"

"तुला आवडेल वाटलं."

"मला?" ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. बाहेर डॉक्टर दोनदा खोकले.

रविवारी गेलो. अण्णांनी सगळे ठरलेले पदार्थ एका पानावर मांडून ठेवले होते, शेवटचं बघायला म्हणून. मी फडकं बांधलं नाही. ते त्यांनी लगेच पाहिलं.

म्हटलं, "अण्णा, मला हे जमणार नाही."

"जमतंय तुम्हाला. मागचं कुळंबू माझ्या आईच्या हातचं होतं."

"हाताला जमतंय. पण मला माझं काम करायचं आहे."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "मलाही नको आहे, अण्णा. मी बारा वर्षांची असल्यापासून इथे उभी आहे. मला आता बसायचं आहे."

मागे भट्टी भणभणत होती. अण्णा गेले, ती बंद केली. मला वाटलं, आता ओरडतील, लग्न मोडतील. त्यांनी पान आमच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "जेवून जा." आणि बाहेर निघून गेले. अम्मा वाढत राहिल्या. आम्ही खात राहिलो. टाकून उठायची हिंमत नव्हती.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांचा शब्द नाही. परवा अम्मांकडून निरोप आला. जेवण आता अण्णा ठरवतील. आम्ही दोघांनी लग्न होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आणि हे त्यांच्या हातचं शेवटचं जेवण, मग भट्ट्या विकून टाकणार. पाटीवरचे दोन शब्द पुसले आहेत, पण खाली नुसता पांढरा चट्टा दिसतो. येताजाता सगळे बघतात. ती रोज घरी त्यांच्यासमोर बसते आणि ते तिच्याशी बोलत नाहीत. मला म्हणाली, "उभी होते तेव्हा बरं होतं का?"

डॉक्टरांनी माझ्या जागी माणूस आधीच घेतलाय. मला अर्धा दिवस ठेवतो म्हणाले. पुढचं पुढे. खोली बघितली आहे, तळमजल्याची, एकही पायरी नाही. ही म्हणते, आईंना लग्नानंतर इथेच ठेवून घेऊ, दारात खुर्ची टाकली की रस्ता दिसेल. तुझ्या मनात काय ते सांग. नको असेल तर नको.

टिल्ल्या


१० मे

टिल्ल्या आणि वहिनी,

नीट पोचले. गाडीत जागा मिळाली होती.

त्या दिवशी गर्दीत तुम्हाला बघायला मिळालं नसेल, म्हणून लिहिते. आईला खुर्चीवर बसवून मी तिच्या पुढ्यात टेबलावर पान मांडलं होतं. वाढपी येत होते. तेवढ्यात अण्णा स्वतः आले, हातात छोटं भांडं. आईच्या पानावर आसट भात घातला, वर डाळ. हात थरथरत होता, निम्मं टेबलावर सांडलं. आईनं आपला धडका हात पुढे केला आणि त्यांचं मनगट धरलं. मग नीट पडलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. कामच करत होते जणू.

वहिनी, मग ते तुझ्या पानाशी आले. मी जवळच होते. भात वाढला, सांबार वाढलं आणि हलले नाहीत. तू पहिला घास घेतलास. त्यांनी विचारलं, "मीठ?" तू म्हणालीस, "बरोबर आहे." एवढंच. पण नंतर मी पाणी प्यायला मागे गेले तर ते पातेल्याला पाठ टेकून खाली बसले होते, फरशीवर, आणि अम्मा त्यांना वारा घालत होत्या. अम्मा मला म्हणाल्या, "विकणार विकणार म्हणतात. परवाच पुढचं एक लग्न घेतलं." तुम्हाला हे त्यांनी सांगितलं नसेल. मी सांगितलं असं म्हणू नका.

आता आईचं. तुम्ही दोघांनी ठेवून जा म्हटलंत तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. औषधं कोण देईल, उठवेल कोण, सगळं तोंडाशी आलं होतं. आईनं आपण होऊन म्हटलं, "राहते." इतक्या वर्षांत तिचा इतका स्पष्ट शब्द मी ऐकला नव्हता. तुम्ही दोघं आनंदलात. मी मात्र तिच्या औषधांची पिशवी पुन्हा पुन्हा लावत राहिले. गाडीत बसेपर्यंत वाटत होतं, परत हाक मारील. दारातल्या खुर्चीवर बसून ती रस्ता बघत होती. तिनं हात हलवला तो मला की रस्त्यावरच्या कुणाला, ते कळलं नाही.

घरी आले. पलंग तसाच आहे. रात्री दोनदा उठते, उठायचं कारण नसताना. सकाळी दोघींचा भात लावला आणि मग मलाच हसू आलं. मशीनवर बसले की दार उघडं ठेवायला लागले आहे. पूर्वी वाऱ्यानं आईला बाधेल म्हणून बंद असायचं. गेले चार दिवस दार उघडं आहे आणि मी आतच आहे. जायचं कुठं?

काल संध्याकाळी प्रेसवाले वर आले. आईला जिन्यावरून त्यांनीच उतरवलं होतं, म्हणून ती कशी आहे ते विचारायला. सांगितलं, मजेत आहे. ते दारातच उभे होते. म्हणाले, "जरा चौकापर्यंत फेरी मारून येऊ का? दिवसभर छपाईचे खिळे जुळवून डोळे गेलेत."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आईला एकटं टाकून..." आणि मी तिथंच थांबले.

ते हसले नाहीत. पलंगाकडेही बघितलं नाही. खाली मान घालून वाट बघत राहिले. मी दुसरं कारण शोधत होते. गणवेश होते, पण ते उद्याही होते. भाजी चिरायची होती, पण एकटीची.

म्हटलं, "थांबा, चप्पल घालते."

चौकापर्यंत गेलो. तिथं पोचल्यावर मला घाबरल्यासारखं झालं, घर उघडं राहिलंय की काय असं वाटलं, म्हणून लगेच मागे फिरले. तेही बरोबर फिरले. घराला कुलूप होतं.

आज ते पुन्हा येणार आहेत. त्यांनी विचारलं नाही, मीच म्हणाले. आता पत्र बंद करते, सहा वाजत आले.

आईला कवळी घालायला लावा. तुमचं ऐकेल ती.

तुमची,
ताई